विल्सनची शेवटची बादली

११ ऑक्टो. २००३, अल् खुवैर, मस्कत
काल वसईहून परत. मी आणि शेरिल. विल्सनला तिथे पुरून आज सतरा दिवस. फ्लॅट २५ तारखेला सोडायचा. आमचा व्हिसा त्याच्या नोकरीवर, आता खलास. मागच्या बाथरूमचं दार उघडलं तर तोच आंबूस वास. विल्सन घरीच बिअर करायचा, ती बादली तशीच. अकरा वर्षं या वासावरून भांडले. आज दार लावलं नाही.

१३ ऑक्टो.
ओतून टाकायला गेले. वीस लिटर, जागची हलेना. शेरिल आडवी आली. "मम्मी, ते डॅडाचं आहे. फेकू नको ना, प्लीज." एरवी मराठीत अडखळते. आज नाही.

१४ ऑक्टो.
अँटन आला. विल्सनच्या ऑफिसातला, गावचाच. चाखून म्हणाला, "झालीये वहिनी. फक्त गॅस नाय. थोडी साखर घालून बाटल्यांत भरा, झाकणं टाइट. आपोआप गॅस धरते."
ओट्यावर विल्सनने काढून ठेवलेलं अजून तिथेच: ग्लुकोजचा डबा, गूळ, खजुराचा पाक. अँटन म्हणे ग्लुकोजच घाला, या उकाड्यात आठवड्यात तयार. पाकाचा भरवसा नाही, तीन आठवडेही लागतील.
ग्लुकोज घातलं तर जायच्या आधी एक ग्लास मिळेल.

१५ ऑक्टो.
लिहूनच टाकते. त्या सकाळी सूर गावच्या साइटवर निघताना या तीन वस्तू मांडून विचारत होता, "मेरी, या वेळी कुठलं घालू?" मी शेरिलच्या युनिफॉर्मला इस्त्री करत होते. म्हटलं, "विष घाल." हसला. चहा अर्धा टाकून गेला. दुपारी ऑफिसातून फोन, गाडी उलटली, सूरला पोचलाच नाही. मी काय बोलले ते कुणाला सांगितलेलं नाही. फादरनाही नाही. कसं सांगू

१७ ऑक्टो.
भरल्या. सोड्याच्या जुन्या प्लास्टिकच्या बाटल्या, अठरा झाल्या. खजुराचा पाक घातला. अँटन वैतागला, "अहो वहिनी, मग तुम्हाला प्यायला नाय मिळणार!" माहीत आहे. पण विचारलं मला होतं. मला खजूर आवडतो, त्याला ठाऊक होतं, तरी विचारत होता. एका शब्दाचं उत्तर होतं.
पाक उकळताना शेरिलने चमचा चाटला, हसली. मग दोघी तिथेच ओट्याला टेकून रडलो.

२१ ऑक्टो.
गॅस धरला की बाटली कडक लागते म्हणे. दिवसातून दहा वेळा दाबून बघते. मऊच. बाटल्यांच्या खोलीतला ए.सी. बंद ठेवलाय, उबेने लवकर धरेल म्हणून. सामान बांधायचं पडलंय तसंच.

२५ ऑक्टो., एअरपोर्ट
सकाळी एक उघडली. फुस्ससुद्धा नाही. कोमट, गोडसर. तरी संपवली. त्याच्या हातची पहिल्यांदाच प्यायले.
बाकीच्या सतरा अँटनच्या गाडीत. आम्हाला सोडताना म्हणाला, "जमली तर फोन करतो, वहिनी."
म्हटलं, "नाही जमली तरी कर."