हनुवटीवरचे नऊ डाग

गुरुवार, २१ मार्च १९९६
राजेश्वरीच्या हनुवटीवर नऊ काळे डाग आहेत आणि ते इलेक्ट्रोलिसिसनंतरचेच — बारामतीच्या त्वचारोगतज्ज्ञांनी आज तपासून सांगितलं. जातील, म्हणाले. सहा-आठ महिने लागतील. उन्हात तोंड झाकायचं.

तिची आई मुक्ताबाई काल बावड्याहून इंदापूरला माझ्या दारात आल्या त्या भांडायलाच. हातात माझ्या बुधवारच्या सदरातल्या, दोन महिन्यांपूर्वीच्या लेखाचं कात्रण. "तुमीच लिव्हलं व्हतं ना, सुईनं करंट दिला की केस मुळातनं जात्यात म्हणून? बघा आता पोरीचं तोंड!" पोरगी ओढणीआड. डोळे तेवढे दिसत होते.

मी म्हटलं, उद्या पहिल्या एस.टी.ने बारामती गाठू. भांडण परतीच्या वाटेवर करा.
केलंही त्यांनी!

शुक्रवार, २२ मार्च
लेखाची माझ्याकडची प्रत काढली. ऊन टाळा, खपल्या काढू नका, लिंबू-हळद लावू नका — सगळं लिहिलं होतं. शेवटच्या परिच्छेदात! तोच छापलेला नाही. जागा कमी पडली की उपसंपादक खालून कापतो, हे मला वीस वर्षं माहीत आहे. पाणीवाटपाच्या बातमीत मुद्द्याचं वर घालते, आणि इथे शेपटीला ठेवलं.

राजेश्वरीने खपल्यांवर लिंबू चोळलं आणि आठवडाभर उसात खुरपत राहिली.

चूक माझी. दुरुस्ती येत्या बुधवारी.

शनिवार, २३ मार्च
मुक्ताबाईंचा फोन, एस.टी.डी. बूथवरून. "कालिजात पाय टाकत न्हाय म्हणती. आठ तारखेपासनं बी.ए.च्या शेवटच्या वर्साचं पेपर सुरू व्हत्यात. तीन वर्सं पाण्यात!"

रविवार, २४ मार्च
बावड्याला जाऊन आले. राजेश्वरी भिंतीकडे तोंड करून बसलेली.

"तुमाला काय मॅडम, तुमी लिहून मोकळ्या."

मग सांगितलं. लेखात जिचे केस गेल्याचं लिहिलं होतं, ती 'एक गृहिणी' म्हणजे मीच. पंधरा वर्षं रोज सकाळी चिमटा घेऊन आरशापुढे. गेल्या वर्षी त्याच सुईच्या मशीनवर अकरा वेळा बसले.

ती वळली. माझ्या हनुवटीजवळ तोंड आणून बघितलं. "खरं? कायच दिसत न्हाय!"

"मी उसात खुरपत नाही."

हसली. मुक्ताबाई आतून ओरडल्या, "हसतीया का रडतीया?" "हसतीया!" परीक्षेचं मात्र काही बोलली नाही.

मंगळवार, २६ मार्च
दुरुस्ती लिहून दुपारच्या गाडीने पाठवली. पहिल्याच ओळीत काळजी काय घ्यायची ते. दुसऱ्या परिच्छेदात माझं नाव, माझी हनुवटी, माझी चूक. राजेश्वरीला 'बावड्याकडची एक तरुणी' केलं. तिला आणखी त्रास नको.

रवींद्रने वाचलं. "गाव हसेल," म्हणाला.
नवऱ्याला पंधरा वर्षं चिमटा दिसला नाही, गावाचं काय घेऊन बसलास! — हे बोलले नाही. "हसू दे," एवढंच म्हटलं.

बुधवार, २७ मार्च
छापून आलं. एक ओळही कापली नाही. मंडईत दोघी आधी हनुवटीकडे, मग डोळ्यांकडे बघत होत्या. मेथी कालच्याच भावात मिळाली.

शुक्रवार, २९ मार्च
राजेश्वरी एकटीच आली. उंबऱ्यात ओढणी सोडली, पेपर माझ्यापुढे धरला. भडकलेली!

"'एक तरुणी' म्हणजे कोण? स्वतःचं नाव छापलंत आणि माझं झाकलंत! मी काय चोरी केली?"



आठ तारखेला पेपरला बसणार आहे. उन्हात ओढणी, वर्गात नाही. येत्या बुधवारची माझी जागा तिने मागून घेतली. स्वतः लिहिणार — नावगावासकट.