रेडिओवर मराठीच बोलायचं

१६ मार्च, रविवार
सीझन सुरू. म्हणजे आता सप्टेंबर संपेपर्यंत माझे रविवार मेले.

लंडनच्या कडेच्या आमच्या पिनरहून अंधारातच निघालो. नॉर्फकच्या ट्रॅकवर बोचरं वारं, चहा पाणचट. पोचल्या पोचल्या आमच्या ह्यांना, म्हणजे मिलिंदला, गाडीच्या चाकांखाली लिंबं ठेवायची होती. केशरी कोटातल्या मार्शलबाईंनी विचारलं, हे काय? तर हा म्हणतो, "फॉर ग्रिप." बाईंनी चारही लिंबं उचलून माझ्या हातात दिली. चेहऱ्यावर भाव असा की तुमचा माणूस तुम्हीच सांभाळा.

गाडीचं नाव ठमी. जुनी हॅचबॅक, मागच्या सीटा काढून आत लोखंडी पिंजरा बसवलाय. रेस तासन्‌तास चालते. एकाने चालवायची, मग ट्रॅकवरून आत आपल्या गाळ्यात यायचं, पेट्रोल भरायचं, दुसऱ्याने बसायचं. आमचे ड्रायव्हर म्हणजे मिलिंद, त्याचा ईलिंगचा मित्र नंदू, आणि आमची लेक इरा. कोणी कधी आत यायचं ते रेडिओवर मी सांगते. ऑफिसात प्रोजेक्टं सांभाळते, म्हणून मि.च्या मते मला हे उपजतच येतं. डोंबल येतं.

मि. आणि नंदू चालवतात तेव्हा ठमी भाजी आणायला निघाल्यासारखी जाते. इरा बसली की तीच गाडी वेगळी पळते. मला गाड्यांतलं काही कळत नाही, पण हे दिसतं. दिसलं नसतं तर बरं झालं असतं.

१८ मार्च, मंगळवार
इराने जेवता जेवता बॉम्ब टाकला. ऑस्ट्रेलियातल्या एका टीमचा माणूस, ग्लेन नावाचा, यंदा इकडच्या रेस बघत फिरतोय. पुढच्या वर्षी तिकडच्या लांब पल्ल्याच्या टूरिंग कार रेसला त्याला दुसरा ड्रायव्हर हवाय. तिकडे म्हणे एकेका गाडीला दोघं असतात, आणि लोक डोंगरावर तंबू ठोकून बघायला बसतात. त्याने इराचे व्हिडिओ बघितलेत.

"आणि ब्रॅकनेलचा जॉब?" मी.
"पोस्टपोन केलाय."
"का?"
"आई, ते ब्रॅकनेल आहे."

मी रोज जाते त्या ब्रॅकनेलला. त्याच पगारावर हिचं इंजिनिअरिंग झालं. भांडी जरा जोरात घासली.

१३ एप्रिल, रविवार
आज नवीन खूळ. दोन गाळे सोडून जी टीम आहे ती आपला रेडिओ चोरून ऐकते असा मि.चा दावा. आपण गाडी आत बोलावली की तेही बोलावतात. म्हणून यापुढे रेडिओवर फक्त मराठी! मी म्हटलं, अरे आपण तळातून चौथे, आपलं कोण ऐकतंय? पण नंदूही सामील. "वहिनी, आयडिया सॉलिड आहे." दोघंही पन्नाशीचे टोणगे, आणि खेळ दुसरीतले.

मला भीती इराची. तिचं मराठी म्हणजे आनंद आहे. रेसमध्ये म्हणाली, "माझी टायर गरम झाली."
नंदू ओरडला, "टायर गरम झाला!"
"काका, व्हॉटेव्हर, ती गरम आहे!"

२० एप्रिल, रविवार
ईस्टर. रेस नाही, देवाची कृपा. दुपारी डायनिंग टेबलवर इराचा मराठीचा क्लास घेतला. आत ये. बाहेर राहा. हळू. पाऊस आला. मागचा जवळ आला. तिने सगळं मोबाइलवर रेकॉर्ड करून घेतलं, माझ्या आवाजात. शनिवारच्या मराठी शाळेत जायचं म्हटलं की हीच मुलगी घर डोक्यावर घ्यायची.

खरं सांगायचं तर मजा आली. कितीतरी वर्षांत ती इतका वेळ माझ्याशी बोलत बसली नव्हती. मि.ला हे सांगायचं नाही. हवेत जाईल.

४ मे, रविवार
लिहायचीही इच्छा नाही. तरी लिहिते, नाहीतर झोप येणार नाही.

इरा आमच्या गटात पहिली होती. पहिली! ग्लेन आलेला, उंच, रापलेला, हातात चहाचा कप, आमच्याच गाळ्याशी उभा. मी इराला सांगितलं, आत ये. नंदू हेल्मेट घालून तयार. तेवढ्यात शेजारच्यांची गाडी आमच्या जागेत तिरकी घुसली आणि तिथेच बंद पडली. इरा आत आली असती तर थेट तिच्यावर. मी रेडिओत ओरडले, "थांब थांब थांब!"

आणि ती थांबली.

ट्रॅकच्या कडेला, गवतावर. इंजिन बंद. पट्टे सोडून उडी मारून बाहेर, आणि पळत कठड्यापलीकडे. तिला वाटलं गाडीला आग लागली. धोक्याचे पिवळे झेंडे, मार्शल धावले, सगळी रेस मुंगीच्या पावलांनी चालू लागली. ठमीला दोर बांधून आणलं. ठमीला काहीही झालेलं नव्हतं.

इरा आली ती लाल होऊन. "तू थांब म्हणालीस! थांब म्हणजे स्टॉप!"
"थांब म्हणजे वेट! अजून एक फेरी मार, मग ये! फोनवर मी 'थांब हं जरा' म्हणते तेव्हा तू काय जागच्या जागी गोठतेस?"
"मग स्टॉपला काय म्हणतात?"
मी मि.कडे बघितलं, मि.ने नंदूकडे. शेवटी नंदू हळूच म्हणाला, "थांब."
"दोन्हीला सेम वर्ड? हू डझ दॅट?"

मि. हसायला लागला. थर्मास हातात होता, फेकून मारणार होते.

ग्लेन कधी गेला कोणी बघितलंही नाही.

५ मे, सोमवार
बँक हॉलिडेची सुट्टी. इरा दिवसभर खोलीत. संध्याकाळी खाली आली, शांतपणे म्हणाली, "आई, रेडिओवर तू नको. बाबा करेल. इंग्लिशमध्ये."

बरं म्हटलं.

तिचं चुकलं नाही. रेडिओवर थांब ऐकलं की आधी थांबायचं, मग विचारायचं, हे तिला पहिल्या दिवसापासून शिकवलंय. मराठी भाषा काय माझ्या बापाने केली का? पण लागलं. फार लागलं. आणि त्या ग्लेनने आता तिला घेतलं नाही तर ते माझ्या एका शब्दामुळे.

त्याहून वाईट म्हणजे, त्याने घेतलं नाही तर ती इथेच राहील, हेही डोक्यात येऊन गेलं. शी.

१५ जून, रविवार
मि. रेडिओवर. बघवत नाही. माझ्याकडे सँडविच आणि स्टॉपवॉच.

ती दीडशेच्या वर वेगाने वळण घेतेय आणि हा विचारतोय, "वेल डन बेटा, केळं खाल्लं होतंस ना?" गप्पांच्या नादात तिला आत बोलवायचंच विसरला. पेट्रोल संपलं. ठमी घरंगळत घरंगळत गाळ्यापाशी आली. इरा आतून हेल्मेटसकट माझ्याकडे बघत होती. मी सँडविच कापत राहिले. काय बोलणार, कप्पाळ!

९ जुलै, बुधवार
ट्रेन रद्द. ब्रॅकनेलहून घरी यायला रात्र. दोघं बाप-लेक गराजमध्ये ठमीच्या पोटाखाली, सिंकमध्ये तेलकट फडकी. माझ्या सिंकमध्ये! कणीक भिजवायची त्या परातीत नट-बोल्ट. आवाज चढवला. बाप-लेकीला एकदम ऐकू येईनासं झालं.

१३ जुलै, रविवार
पाचवे. मि.ने रेडिओ पूर्ण वेळ उलटा धरला होता, असं नंदू म्हणतो. मी चौकशी केली नाही.

ग्लेनचा इराला मेसेज. शेवटच्या रेसला परत येणार. म्हणजे दार बंद झालेलं नाही. इरा नाचत होती. मीही हसले. मग धुतलेलाच ओटा पुन्हा पुसला.

२७ ऑगस्ट, बुधवार
गणपती. इराने पहिल्यांदा स्वतः मोदक वळले. "छान झाली मोदक," स्वतःच म्हणाली. कळ्या सगळ्या वाकड्या, पण फुटला एकही नाही.

आरतीला ईलिंगची मंडळी. नंदूच्या सासूबाई दोन महिन्यांसाठी नागपूरहून आल्यात. मला कोपऱ्यात घेऊन म्हणाल्या, "मुलीची जात, आणि हे असं गाड्या पळवणं... तुम्ही काही बोलत नाही का?"

मी रोज बोलते हो! रोज हेच बोलते. पण तोंडातून निघालं, "काकू, तुमचा जावई वीस वर्षं गाडी चालवतोय, त्याला पार्किंग जमत नाही. माझी मुलगी पावसात दुसऱ्या गाडीच्या हातभर अंतरावरून जाते आणि तिचा श्वाससुद्धा चुकत नाही. तिच्यासारखी गाडी कोणाला चालवता येते ते दाखवा मला."

नंदूने ऐकलं. प्रसादाचं ताट घेऊन स्वयंपाकघरात पळाला. हे मी कुठून बोलले कोण जाणे.

२७ सप्टेंबर, शनिवार
उद्या शेवटची रेस, केंटमध्ये. कोथिंबीर निवडत होते तर इरा येऊन समोर बसली. माझ्या जुडीतल्या काड्या उचलून चुकीच्या बाजूला टाकायला लागली.

"उद्या रेडिओवर तू."
"बाबा?"
"बाबा इज अ पॉडकास्ट."
"इंग्लिशमध्ये ना?"
"नाही. मराठी. फक्त तो एक वर्ड बॅन." मग जरा वेळाने, "तू मराठीत बोलतेस ना, तेव्हा तू काय लपवू शकत नाही. मला लगेच कळते किती घाबरायचं."

कोथिंबीर हातात तशीच. एवढं मोठं वाक्य, आणि नेमकं. मी म्हटलं, "कळतं. कळते नाही."
"आई!"
"बरं बाई, करते."

२८ सप्टेंबर, रविवार
बूट न काढताच लिहायला बसलेय.

अर्धी रेस झाली आणि पाऊस. इरा गाडीत, गटात चौथी. बाकीचे सगळे पावसाचे टायर घालायला आत. मि. माझ्या कानाशी, "बोलव तिला, बोलव, बोलव!" ग्लेनही तिथेच, त्याने आमचा जादाचा हेडफोन मागून कानाला लावलेला. पश्चिमेकडे आभाळ उघडत होतं. दिसत होतं मला, पण माझं काय, मी कपडे वाळत घालायच्या अंदाजाने आभाळ बघते.

"इरा, पाऊस जाईलसं वाटतंय. गाडी कशी आहे?"
"घसरतो. पण मला समजतो तो." म्हणजे गाडी.
"राहशील बाहेर?"
"तू सांग."
"नाही. तू बसलीयस, तू सांग."

नुसती घरघर. मग, "राहते."
"राहा."

मि.ने डोक्याला हात लावला. माझ्या मनात एकच, हिला काही झालं तर मी ह्या बाकावरून उठणार नाही. दोन फेऱ्या ती बर्फावर चालल्यासारखी फिरली. मग ऊन आलं. बाकीचे सगळे साधे टायर घालायला परत आत, आणि आमची ठमी दुसरी. नंतर नंदूनेही इभ्रत राखली, त्याचं कौतुक केलं पाहिजे. दुसरे आलो. मि. रडला. मार्शलबाईंना मिठी मारायला निघाला होता, धरून ठेवला.

ग्लेनने विचारलं, पावसात ती काय म्हणत होती? मी म्हटलं, गाडी ठीक आहे म्हणत होती. व्याकरण भयंकर होतं.

तो हसला. म्हणाला, एकही शब्द नाही कळला, पण ड्रायव्हरचा असाच शांत आवाज हवा असतो. मग इराला बाजूला घेऊन गेला. मी पाठमोऱ्या दोघांकडे बघत उभी.

२९ सप्टेंबर, सोमवार
ऑफर आली. जानेवारीत जायचं, वर्षभर. शुक्रवारपर्यंत उत्तर.

मि.चे निम्म्या पुण्याला फोन करून झाले.

१ ऑक्टोबर, बुधवार
इराने उत्तर दिलेलं नाही. सहा महिने ह्यासाठी जीव काढला आमचा, आणि आता बाईसाहेब जिम, लाँड्री, नेटफ्लिक्स. मि.ला विचारलं, हिचं चाललंय काय? तो म्हणतो, "तिला विचार." मी का विचारू? मला काय ती जायची घाई झालीय?

२ ऑक्टोबर, गुरुवार
दसरा. सुपरमार्केटमध्ये झेंडू मिळेना, पिवळ्या शेवंतीवर भागवलं. ठमीला हार, बॉनेटवर कुंकू. मि. म्हणे, "आज सीमोल्लंघन! आजच कळवून टाक, इरा." प्रत्येक गोष्टीत ह्याला मुहूर्त दिसतो. इरा नुसती हसली, माझ्याकडे बघितलं, आणि श्रीखंड वाढून घेतलं. उत्तर नाहीच.

ती माझी वाट बघतेय. कळत का नाही मला? वैताग आहे नुसता.

३ ऑक्टोबर, शुक्रवार
घरून काम. मि. ऑफिसला गेल्यावर इरा लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात आली.

"आई, मी जाऊ का?"
"तेवीस वर्षांची घोडी झालीस. मला काय विचारतेस?"
"विचारते आहे."

मी डाळ धूत होते. म्हटलं, "जा. छान संधी आहे."
"तसं नाही. खरं सांग. तुला वाटते मी जावं?"

नळ बंद केला. "नाही. मला तू जायला नकोयस. तिकडे दिवस असतो तेव्हा इथे रात्र, तू गाडीत असशील आणि मी झोपेत असेन, तुझ्या कानात कोण परका बोलत असेल. मला सहन होणार नाही. आणि माझ्यासाठी राहिलीस तर जन्मभर तुझं तोंड बघणार नाही."

"आई, हे आन्सर नाहीये."
"माझ्याकडे एवढंच आहे."

डोळे भरलेले, तिचे की माझे कोण जाणे. मग लॅपटॉप काखेत मारून वर गेली.

कुकर झाला. ऑफिसची मीटिंग चालू आहे, मी म्यूटवर, काय चाललंय काही कळत नाही. वरून टाइप केल्याचा आवाज येतोय. मग बंद. मग परत. एवढं काय लिहितेय? हो लिहायला एक ओळ लागते, नाही लिहायलाही एकच.

दोनदा जिन्यापर्यंत गेले. वर नाही गेले.