आवाज मोजायला आलेली माणसं

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार, भाऊजींना त्याहून जरा जास्त वाकून. त्यांचा गुडघा कसा आहे? इकडे सगळे बरे आहेत, म्हणजे ऐकू येतं तेवढ्यावरून तरी. आईला तुझ्याकडे पाठव म्हणून तू लिहिलंस, ते काही जमणार नाही. आई या घरातून हलणार नाही आणि विमानतळाची दुसरी धावपट्टी आमच्या डोक्यावर येणार नाही, अशी आमच्या समितीची (आणि समितीत मी असल्यामुळे माझीही) ठाम भूमिका आहे.

पहिल्या धावपट्टीनं काय दिवे लावलेत ते तुला ठाऊकच आहे. विमान आलं की मी गिऱ्हाइकाच्या गालावरून वस्तरा उचलतो, कारण आरसा थरथरतो, खुर्ची थरथरते आणि गिऱ्हाईकही. (एकाची मिशी अशीच अर्धी गेली. तो आता कोपऱ्यावरच्या सलूनात जातो आणि जाताना माझ्याकडे बघतही नाही.) गल्लीत सगळे बोलता बोलता थांबतात आणि विमान गेलं की त्याच शब्दापासून पुढे सुरू करतात. आमचं नवरा-बायकोचं भांडणसुद्धा असं तुकड्या-तुकड्यानं चालतं, त्यामुळे एका दिवसात उरकत नाही. घरं इतकी खेटून, की शेजारी शिंकला तर आमचा पडदा हलतो. आणि या एवढ्या माणसांवरून म्हणे आता दुप्पट विमानं नेणार.

तर मागच्या आठवड्यात साहेबलोक आवाज मोजायला आले. समितीचे अध्यक्ष, म्हणजे आपले निवृत्त चित्रकला मास्तर, यांनी सगळी गल्ली माझ्या सलूनासमोर उभी केली. आणि नेमका त्याच दिवशी वारा फिरला. वारा फिरला की विमानं पलीकडच्या टोकानं उडतात, हे आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. आकाश असं गप्प, की मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. बरं, आम्हाला हळू बोलायची सवय उरलेली नाही. मास्तरांनी साहेबांना चहा विचारला तो कानाशी ओरडून. साखर किती, हे मी विचारलं, उत्तर समोरच्या इस्त्रीवाल्यानं दिलं, मग बायका मध्ये पडल्या, आणि यंत्रावरचे आकडे चढतच गेले. अहवाल आला तो असा, की या भागातला मुख्य आवाज रहिवाशांचाच आहे, धावपट्टीनं त्यात विशेष फरक पडणार नाही. आम्ही आमच्याच तोंडानं हरलो, ताई. मी आधी पोट धरून हसलो आणि मग मला रडू आलं. मास्तर दुपारभर माझ्या खुर्चीत बसून होते. दाढी करू का विचारलं, तर मानेनंच नको म्हणाले.

तरी हिंमत सोडलेली नाही. पुन्हा अर्ज केलाय. आई खुशाल आहे. हल्ली बोलत नाही फारशी, पण वयच झालं आता. तू जिवाला घोर लावून घेऊ नकोस.

तुझा धाकटा

ता. क. भाऊजींना म्हणावं, जिना चढणं बंद करा.

आणखी एक ता. क. ताई, वरचं सगळं राहू दे. तू ये आणि आईला घेऊन जा. त्या दिवशी मी साखर आणायला आत गेलो, तर आई बोलत होती. एकटीच, खिडकीशी, अगदी हळू. तेव्हापासून बघतोय, ती विमानासाठी थांबतच नाही गं, बोलत राहते. आणि आम्ही समजत होतो, तिचं बोलणं संपलं. साहेबलोक गेल्यावर मी तिच्याजवळ जाऊन बसलो, तोवर वारा पुन्हा फिरला आणि वरून विमान गेलं. ते गेल्यावर मी विचारलं, "काय म्हणत होतीस?"

"जाऊ दे," ती म्हणाली. "किती वेळा सांगू?"

तुझ्याकडे शांत आहे. तिच्याजवळ बस, आणि ती काय म्हणते ते मला कळव.