बी पॉझिटिव्ह विधुराची पूर्वतयारी

४ मार्च
मेव्हण्याने फॅमिली ग्रुपवर लेख टाकला. बी रक्तगटाची माणसं म्हणे उशिरा म्हातारी होतात. शेवटी 'अजून खात्रीने सांगता येत नाही' असंही होतं. शास्त्रज्ञ फार विनयशील असतात. ऑफिसचं ओळखपत्र काढून पाहिलं. बी पॉझिटिव्ह! पंचावन्नाव्या वर्षी कळतंय की आपण मुळात तरुण आहोत.

५ मार्च
मॉर्निंग वॉक बंद. तो इतर गटांसाठी. जिना चढताना धाप लागली. जिनाच नीट बांधलेला नाही.

७ मार्च
हिचा गट ए असणार. स्वभावावरून कळतं, विचारायची गरज नाही. म्हणजे ही माझ्या आधी जाणार. घास घशाखाली उतरेना. दुसऱ्यांदा वाढून घेतलेलं कसंबसं संपवलं. संकल्प: एकट्याने राहायला आतापासून शिकायचं.

८ मार्च, सकाळी ६
चहा केला. अर्धा उतू गेला. उरलेला हिने घेतला, उद्या साखर कमी टाका म्हणाली. बिचारी. तिला कशाची कल्पना नाही.

१५ मार्च
चहा, भांडी, घड्या, सगळं जमतंय. लाल टॉवेलासोबत मशीनला लावल्याने शर्ट गुलाबी झाले. त्यात आणखी तरुण दिसतो. ही हल्ली पाय पसरून पेपर वाचते. वाचू दे. किती दिवस उरलेत.

२१ मार्च
ऑफिसात रक्तदान शिबिर. ऐटीत बाही वर केली. टेक्निशियन बाईंनी बोट टोचलं. ए पॉझिटिव्ह. दुसरं बोट टोचायला लावलं. तेही ए. ओळखपत्रं करणाऱ्या क्लार्कला गाठलं. रकाना रिकामा ठेवला तर कार्डच निघत नव्हतं, म्हणून अख्ख्या मजल्याला त्याने स्वतःचा गट देऊन टाकला होता. इतके दिवस मी या माणसाच्या जिवावर जगत होतो!

संध्याकाळी
हिला सांगितलं. हिला माहीत होतं! मुलीच्या वेळी डॉक्टरांनी दोघांचंही रक्त तपासलं होतं. बी गट हिचाच. मग बोलली का नाहीस, विचारलं.
"तीस वर्षांत पहिल्यांदा आयता चहा मिळत होता," ही म्हणाली. "म्हटलं, चालेल तितके दिवस चालू दे."
रक्त फितूर झालं ते झालंच, घरातलं माणूसही फितूर.

२२ मार्च
निषेध म्हणून चहा केला नाही. वाटलं, आधी मी जाणार म्हटल्यावर निदान आता हिचा घास अडेल. ही शेजारी येऊन बसली. खांद्यावर हात ठेवला. मला भरून आलं.
"अहो," ही म्हणाली, "बँकेचा पासवर्ड सांगून ठेवा. पुढे मला एकटीला राहायचंय ना."
सांगितला. तिने लगेच टाकून पाहिला.