दबलेलं गवत

ती. ताईस,
तुझ्या धाकट्याचा नमस्कार.

आईला पत्र वाचून दाखवशील तेव्हा एवढंच वाच: मी ठणठणीत आहे, हॉटेलातलं काम टिकून आहे, खोली हवेशीर आहे. तिचे गुडघे कसे आहेत?

आता फक्त तुझ्यापुरतं. कामगारांची खोली मालकाने दोन महिन्यांपूर्वी काढून घेतली, दुसरी काही मिळेना. तेव्हापासून नदीकाठच्या झाडीत तंबूत झोपतो. हवेशीर म्हटलं ते काही खोटं नाही. चूल पेटवत नाही, दिवा लावत नाही. कुणी पाहिलं तर हाकलून देतील, म्हणून उजाडायच्या आत तंबू गुंडाळतो आणि दबलेलं गवत हाताने उभं करतो.

मग दिवसभर हॉटेलातले पलंग लावतो. चादर अशी ताणून बसवतो की तिथे कुणी झोपलं होतं असं वाटूच नये. दोन्हीकडे एकच काम. हात चांगला बसलाय बघ.

परवा मात्र सापडलो. सुपरवायझर बाईंनी माझ्या कॉलरवरचं वाळकं पान काढलं, स्वतःच्या खिशात टाकलं आणि म्हणाल्या, "आरशात बघून येत जा रे बाबा." बस, एवढंच. मी धुण्याच्या खोलीत जाऊन रडून घेतलं.

ताई, घरी माझ्या खाटेवरची चादर आईने बदलली का गं? नसेल तर राहू दे. सुरकुत्याही मोडू नका. मी झोपून गेलोय, हे एका जागी तरी दिसू दे.

तुझाच,
धाकटा