डांबरी रस्त्यापर्यंत

२० मार्च १९९८, शुक्रवार

रस्ता पुन्हा बंद. दोन दिवस शमाल, वाळूचा वारा, वाहत होता. फार्मपासून डांबरी रस्त्यापर्यंतचा आपला मुरमाचा रस्ता मधल्या टेकडीपाशी दिसेनासाच झालाय. जुम्माखान पहाटेच बुलडोझर घेऊन गेला, पण ते म्हातारं यंत्र. थोडं चाललं की इंजिनातलं पाणी उकळतं, मग हा खाली उतरून बिडी ओढत बसतो.

दहाच्या सुमारास दुबईहून भावजींचा फोन. "शोभा, रस्ता झाला का?"

"होतोय. दुपारपर्यंत होईल."

"मग या आठवड्यात राहू दे. गाडी रुतली तर पंचाईत."

मागे अमेय काहीतरी बोलला आणि हसला. माझ्याशी नाही, वहिनींशी.

अमेयसाठी कोथिंबिरीच्या वड्या केल्या होत्या. ह्यांनी आणि जुम्माखानने खाल्ल्या.

शाळेची बस इथवर येत नाही, म्हणून पोर दुबईत मनखूलला काकाकडे. ते मी मान्य केलं. पण "तुलाही तिथे ठेवलं असतं गं, वहिनीच नको म्हणाल्या, एका स्वयंपाकघरात दोघी कशाला," हे ह्यांनी मला सांगितलं त्या दिवसापासून वहिनींशी गोड बोलायला जीभ वळत नाही. माझा मुलगा चालतो, मी चालत नाही.

१२ एप्रिल १९९८

जुम्माखान सुट्टीवर पेशावरला गेला तो गेलाच. अरबाबने, म्हणजे फार्मच्या मालकाने, त्याचा व्हिसा रद्द केला. नवा ऑपरेटर नाही. आज अरबाब फार्मवर आला होता, ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "डॉक्टर, बुलडोझर चलाना मुश्किल नहीं. तुम पढ़ा-लिखा आदमी है."

हे पुण्यात पशुवैद्यकी शिकले, इथे हजारो कोंबड्यांचे डॉक्टर, आता वाळूही ह्यांनीच काढायची. "इन्शाल्ला" म्हणाले आणि हसले. अरबाबची गाडी गेटबाहेर गेल्यावर घरात येऊन माझ्यावर ओरडले. आमटीत मीठ कमी होतं म्हणे. नव्हतं.

२३ मे १९९८

ह्यांची कंबर गेली. बुलडोझरवरून उतरताच येईना. शेडमधल्या दोघा बंगाल्यांनी धरून आणलं, पलंगावर पालथं घातलं.

खाद्याचा ट्रक डांबरी रस्त्यावर उभा. ड्रायव्हर म्हणतो मी वाळूत घालणार नाही, यल्ला, चला, खाली करून घ्या. अंगाची लाही होईल असं ऊन. मजुरांनी पोती खांद्यावरून आणली. पाण्याचा टँकर तर आलाच नाही. संध्याकाळी पिल्लांच्या शेडमधून मेलेल्यांच्या बादल्या निघत होत्या. हे पडल्या पडल्या विचारत होते, किती, किती. मी सांगितलं नाही.

भावजींचा फोन. कंबरेची चौकशी. मग, "रस्ता तसा आहे तोवर अमेयला नको पाठवायला, नाही का?"

१८ जून १९९८

अमेय सुट्टीला भावजींबरोबर पुण्याला गेला. फोनवर, "बाय आई. आय विल कॉल यू." मराठीत बोल म्हटलं तर पुन्हा बाय.

दुपारी उन्हं उतरल्यावर मी बुलडोझरवर चढले. हे कंबरेला पट्टा बांधून खाली प्लास्टिकच्या खुर्चीत. आधी नको नको म्हणाले, मग सांगायला लागले. दोन लिव्हर वळायला, एक पातं उचलायला. आणि पायाखाली जे आहे ते दाबलं की यंत्र हळू होतं, गाडीच्या नेमकं उलट. मला गाडीही येत नाही, त्यामुळे तो गोंधळ झाला नाही.

कुंपणाचा एक खांब पाडला.

"बायकांचं काम नाही हे."

"मग पुरुष आणा."

रस्ता मोकळा असला की भावजींकडे सबब राहणार नाही. मला दुसरं काही सिद्ध करायचं नाहीये.

३ सप्टेंबर १९९८

आता जमतं. वाळू कडेला ढीग करून ठेवायची नाही, त्या ढिगाच्या आडोशाला पुढची वाळू साठते. वारा जातो त्या अंगाला लांब न्यायची आणि पसरून टाकायची. हे मला कोणी सांगितलं नाही. दोनदा तीच वाळू काढल्यावर कळलं.

यंत्राचे हादरे हातांत असे राहतात की चहाचा कप दोन्ही हातांनी धरते. ह्यांचा जुना फुलबाह्यांचा शर्ट, तोंडावर ओढणी. खाद्याचा ड्रायव्हर आज म्हणाला, "भाभी, आप ही आगे चलो, मैं पीछे आता हूँ." हॉर्न वाजवत माझ्यामागून फार्मपर्यंत आला. हसू आलं. कितीतरी दिवसांनी.

हे अरबाबला सांगतात, रस्ता मी करतो. सांगू देत.

१२ फेब्रुवारी १९९९, शुक्रवार

अमेय आला. भावजी, वहिनी, सगळे.

सकाळीच मी रस्ता करून डांबरी रस्त्याच्या तोंडाशी थांबले होते. भावजींची गाडी वळली, माझ्याजवळ थांबली. वहिनींनी काच खाली केली, "अगं बाई, शोभा तू." मागच्या सीटवरून अमेय बघत होता. आधी ओळखलंच नाही त्याने. ओढणी काढली तेव्हा ओळखलं.

वहिनींनी श्रीखंड आणलं होतं. अमेयला दोन वाट्या लागतात हे मला त्यांच्याकडून कळलं. पूर्वी तो श्रीखंडाला हात लावत नसे.

स्वयंपाकघरात एकटा सापडला तेव्हा म्हणाला, "आई, प्लीज डोन्ट टेल माय फ्रेंड्स."

"मला कुठे भेटणार आहेत रे तुझे मित्र?"

त्याने जरा विचार केला. "दॅट्स ट्रू."

तो निर्दयपणे बोलला नाही, हेच मला जास्त लागलं.

१० नोव्हेंबर २०००, शुक्रवार

रस्ता स्वच्छ. वाराही नाही. कोणी आलं नाही.

आधी फिजिक्सची ट्यूशन होती. त्याआधी कोणाचा तरी वाढदिवस. आज नुसतंच "ही इज टायर्ड" असं भावजींची मुलगी फोनवर म्हणाली. आता वाळूचं नाव कोणी काढत नाही.

मी जाते महिन्यातून एकदा, फार्मच्या व्हॅनमधून, अंड्यांच्या ट्रेंबरोबर. तासभर सोफ्यावर बसते. वहिनी चहा देतात. अमेय खोलीतून येतो, शेजारी बसतो, टीव्ही बघतो. वहिनींनी दोनदा म्हटलं, "राहा ना आज." मी म्हटलं, नको. तोंडदेखलं बोलणं मला कळतं.

शेजारच्या उंटांच्या फार्मवरचा सुदानी आला होता, "मॅडम, माय रोड ऑल्सो." त्याचाही केला. त्याने कॅनभर दूध पाठवलं. वास सहन होत नाही, पण टाकलं नाही.

२६ नोव्हेंबर २००२

भावजींचं कॅनडाचं झालं. पुढच्या वर्षी सगळे जाणार. अमेयही. तिथल्या कॉलेजात अर्ज करायचा, काकाकडे राहायचं. हे सगळं ठरलेलं होतं. ह्यांना ठाऊक होतं. मला आज सांगितलं, जेवताना, पोळी वाढत असताना.

"कधी ठरलं?"

"अगं ठरलं म्हणजे, बोलणं चालू होतं."

"माझ्याशी कोण बोललं?"

"तू चिडतेस म्हणून."

मी चिडले नाही. पोळी तव्यावर जळली, तीच वाढली.

८ ऑगस्ट २००३, शुक्रवार

अमेय एकटा आला. नवीन लायसन्स, भावजींची गाडी. कोणाला विचारून आला नाही, वाटेतून मोबाइलवर फोन केला, "आई, मी येतोय." चक्क मराठीत. दोन दिवसांच्या वाऱ्याने टेकडीपाशी पुन्हा भरलं होतं. त्याला म्हटलं, गाडी डांबरी रस्त्यावर ठेव, मी येते.

मी वाळू काढत पोचले तर हा गाडीला टेकून उभा, घामाने भिजलेला. उंच झालाय. म्हणाला, "कॅन आय सिट?" शेजारच्या पत्र्याच्या पेटीवर बसला, दांडीला धरून. परत येताना सबंध रस्ता मी पुन्हा सपाट केला. गरज नव्हती. तो बसला होता म्हणून.

इंजिनच्या आवाजात बोलणं होत नाही. टेकडीपाशी पाणी तापलं तेव्हा बंद केलं आणि थांबलो.

तो म्हणाला, "आई, एक विचारू? यू वोन्ट गेट अँग्री?"

"विचार."

"तू माझ्याबरोबर मनखूलला का नाही राहिलीस? काकूची बॅक रूम तर होती. आय मीन, आय अंडरस्टँड, तुला सिटी आवडत नाही. बट आय वॉज ट्वेल्व्ह."

"कोण म्हणालं मला शहर आवडत नाही?"

"बाबा. ते म्हणाले, आईला गर्दीत गुदमरतं, तिला फोर्स करू नको. म्हणून मी कधी विचारलं नाही."

मी म्हटलं, मी पुण्यात लक्ष्मी रोडवर बँकेत काम करत होते रे. मला कुठली गर्दी गुदमरवणार. त्याला हे माहीतच नव्हतं. मी बँकेत होते, हेही नाही.

मग म्हटलं, "काकूच नको म्हणाली होती."

"काकू?" तो माझ्याकडे बघत राहिला. "काकू तर अजून त्या खोलीला आईची खोली म्हणते. आम्ही सुटकेसेस ठेवतो तिथे."

पाणी निवलं होतं. मी इंजिन चालू केलं आणि समोर बघितलं, माझं तोंड त्याला दिसायला नको होतं.

घरी ह्यांनी त्याला मिठी मारली, पाठ थोपटली, कॅनडात थंडी फार, स्वेटर घेतलेस का. जेवला. आमटी तीन वेळा घेतली. जाताना माझ्या पाया पडला, मग नुसताच उभा राहिला. "थर्सडेला फ्लाइट आहे. यू'ल कम, नो?"

९ ऑगस्ट २००३

सकाळी हे शेडमध्ये गेल्यावर वहिनींना फोन केला. काय आणि कसं विचारायचं ते पाठ केलं होतं. एकही वाक्य आठवलं नाही. सरळ विचारलं, "वहिनी, तुम्ही मला नको म्हणाला होतात का?"

"कशाला नको?"

"राहायला. अमेय तुमच्याकडे आला तेव्हा."

मग म्हणाल्या, "शोभा, मी नवीन गादी आणली होती. तुझ्यासाठी खिडकीला पडदे शिवले. तुझ्या ह्यांनी, दिनकरभावजींनी सांगितलं, ती यायला तयार नाही, तिला तुमच्याकडे परकं वाटतं. मला इतकं वाईट वाटलं तेव्हा. म्हटलं, आपलं काय चुकलं." थांबल्या. "म्हणून तू अशी वागायचीस होय माझ्याशी."

त्या रडत होत्या. मला रडू आलं नाही. पाच-सहा वर्षं मी या बाईचा चहा तोंड वाकडं करून प्यायले.

"उद्याच ये," म्हणाल्या. "फ्लाइटपर्यंत राहा. सगळीकडे खोकी आहेत, पण गादी आहे."

१० ऑगस्ट २००३

काल रात्री मी विषय काढला नाही. आज दुपारी, जेवण झाल्यावर नवऱ्याला विचारलं. आवाज चढवला नाही.

दिनकरने आधी नाही म्हटलं. मग, वहिनींना नीट आठवत नसेल. मग उठून पंखा वाढवला. मग बसला आणि म्हणाला, "मी एकटा राहिलो असतो गं इथे. कोंबड्यांत. वेड लागलं असतं मला."

"मग तसं सांगायचं होतंत."

"सांगितलं असतं तर राहिली असतीस?"

याचं उत्तर मी खरंच शोधलं. कदाचित राहिले असते. म्हटलं असतं, आठवड्याचे चार दिवस इथे, तीन तिथे. काहीतरी काढली असती वाट. बायका काढतात. त्याने विचारलं असतं तर मला निदान मी कशाला हो म्हणतेय ते कळलं असतं.

हे त्याला सांगितलं नाही. त्याला वाटलं होतं मी रडेन, मग तो पाणी आणून देईल. शेवटी माझ्याच ताटात हात धुतला आणि कंबर धरत शेडकडे गेला. चालताना अजून डावीकडे झुकतो. मला दया आली, आणि त्याचा आणखी राग आला.

चारपासून वारा सुटलाय. मधली टेकडी इथून धुरकट दिसते. वहिनींचा फोन येऊन गेला, आज नाही तर उद्या भावजी न्यायला येतील, डांबरी रस्त्यापर्यंत तरी यायला जमेल का. येते म्हटलं. अमेयने मागून ओरडून सांगितलं, "टेल हर आय'ल कम, नॉट काका."

उद्या सकाळी खाद्याचा ट्रक यायचाय. दिनकरने आत्ता दारातूनच विचारलं, रस्ता कधी करतेस. मी लिहितेच आहे, डोकं वर केलं नाही. तो अजून तिथेच उभा आहे.