उसात पाडलेली वाट

मामंजी, काल तुमचं घर बघायला पाहुणे आले होते. घरातली माणसं बघायला नव्हे, घरच बघायला. माझी नात, म्हणजे तुमची पणती, घरांचे आराखडे काढायचं शिकली आणि आता पुण्यात तेच काम करते. तिच्या कचेरीतली चार पोरंपोरी तिने आणली होती. गळ्यात कॅमेरे, पायांत बूट. तुमची पश्चिमेची भिंत त्यांनी हाताने चाचपून पाहिली, कडुनिंबाला वळसा घालून गेलेल्या पडवीचे फोटो काढले, कातळ न फोडता त्याच्याच केलेल्या पायऱ्यांवर बसून चहा घेतला. आता म्हणे सगळीकडे अशीच घरं बांधायची धडपड चाललीय, जागेचा स्वभाव बघून, वारा-ऊन बघून. एका मुलीने मला विचारलं, "आजी, ह्या घराचे आर्किटेक्ट कोण होते?" मी म्हटलं, माझे सासरे. तंबाखू चोळायचे आणि शेती करायचे. पोरं हसली, पण मला तुमचा इतका अभिमान वाटला की चहात साखर घालायची राहून गेली. बिचाऱ्यांनी तसाच प्यायला.

तुम्हाला हे सगळं समोर बसून सांगावं असं वाटलं. पण तुम्ही होता तेव्हा तरी मी कुठे तुमच्याशी बोलत होते? सुनेने सासऱ्यासमोर उभं राहायचं नाही, बोलायचं तर नाहीच. तुम्हाला पाणी हवं असलं की तुम्ही खांबाकडे बघून म्हणायचा, "घरात कुनी हाय का?" मी तांब्या उंबऱ्यावर ठेवायची आणि मागे सरायची. काही सांगायचं झालं तर मी आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना सांगायची, मग त्या तुम्हाला सांगायच्या, आणि सांगताना त्यात आपलं थोडं घालायच्या. अशा पद्धतीने आपण एका घरात राहिलो. तुमचा चेहरा मला आठवतो तो बाजूनेच.

रहिमतपुरातलं आपलं जुनं घर आठवतं का? गल्लीतलं, दोन्हीकडून शेजाऱ्यांच्या भिंतींनी आवळलेलं. स्वयंपाकघराला खिडकी नाही. ओली लाकडं, शेणी, आणि धूर जाणार तो फक्त माजघरातून. माझं माहेर कवठे महांकाळचं. तिकडे पाऊस नाही, पाणी नाही, पण वारा भरपूर. आमची चूल उन्हाळ्यात अंगणातच असायची. त्यामुळे इथे आल्यावर धुराने माझा जीव नुसता मेटाकुटीला आला. डोळे कायम लाल, कडा सुजलेल्या. ज्यांच्याशी लग्न झालं ते तुमचे चिरंजीव लग्नानंतर लगेच पलटणीत परत गेले, लढाई लागली होती, बोटीने समुद्रापार कुठेतरी. आत्याबाईंनी मला बैलगाडीत घालून साताऱ्याला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, असाच धूर खात राहिली तर म्हातारी व्हायच्या आत आंधळी होईल. आत्याबाई घरी येऊन तुम्हाला हे सांगत होत्या, तेव्हा मी दाराआड उभी. तुम्ही पान जुळवत बसलात.

दुसऱ्या दिवशी गावाबाहेरच्या आपल्या माळावर गेलात आणि चारी कोपऱ्यांत बांबू पुरून त्यांना जुन्या पटक्याच्या चिंध्या बांधून आलात. मग एक पावसाळा, एक हिवाळा आणि एक उन्हाळा तुम्ही काय केलंत तर वारा बघितलात. शेणी पेटवायची, कोपऱ्यात ठेवायची, आणि धूर कुठे जातो ते बघत उकिडवं बसायचं. गावाला आयता विषय मिळाला. पाणवठ्यावर बायका मला विचारायच्या, "मामंजी काय म्हनत्यात गं तुजं? वारा राखाय जात्यात व्हय?" मला लाज वाटायची, आणि रागही यायचा. गावाचा राग, तुमचा नव्हे.

मग त्या माळावर नवं घर उभं राहायला लागलं तेव्हा गवंडी रोज कपाळाला हात लावायचा. पश्चिमेला एकही खिडकी नाही, भिंत हातभर जाड आणि छप्पर इतकं खाली की माणूस वाकूनच जाईल, कारण पावसाचा मार तिकडून. आणि स्वयंपाकघर? आग्नेयेला हवं, सगळं जग आग्नेयेला करतं. तुम्ही ते पूर्वेच्या उतारावर पायऱ्या उतरून खाली घेतलंत, घराच्या पाठीआड, म्हणजे वारा वरून जाईल आणि धूर आपल्याबरोबर ओढून नेईल. वर उंच धुराडं, चुलीसमोर रुंद खिडकी. कडुनिंबापाशी पडवीची भिंत आली तेव्हा गवंडी म्हणाला, "आवं, झाड काडा. भिंत वाकडी दिसंल."

"दिसू दे रं," तुम्ही म्हणालात. "झाड आदी आलंय, आपुन मागनं."

हे वाक्य मी कालच्या पोरांना सांगितलं, तर एकाने वहीत लिहून घेतलं. तुम्ही असता तर उठून रानात गेला असता.

त्या स्वयंपाकघरात मी पहिली भाकरी थापली तो दिवस अजून डोळ्यांसमोर आहे. चूल पेटते आहे, धूर सरळ वर चालला आहे, आणि मला माझे हात स्वच्छ दिसताहेत. आत्याबाई येऊन उभ्या राहिल्या, छताकडे बघितलं, म्हणाल्या, "म्हातारा येडा न्हाई म्हनायचा." त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे फारच झालं. थंडीत एकदा मी धुराड्याखालच्या झरोक्यात गोणपाट कोंबलं, तर तुम्ही कडुनिंबाला उद्देशून म्हणालात, "भोक ज्यानं बुजीवलं त्यानं धूर खावा." मी गोणपाट लगेच काढलं. तुमचं रागावणंसुद्धा झाडाकडून यायचं.

आता खरी गोष्ट. नव्या घरात येऊन काही महिने गेले, धूर संपला, आणि माझे डोळे परत लाल दिसू लागले. खिडकीपुढचं रान विहिरीच्या पाण्यावरचं. आपण आलो तेव्हा तिथे ज्वारी काढलेली होती, सगळं मोकळं, पलीकडे स्टेशनाकडून येणारी गाडीवाट दिसायची. मग तिथे ऊस लावलात. स्वयंपाकघर मुळात खाली, त्यात ऊस डोक्याच्या वर गेला, आणि खिडकीत नुसती हिरवी भिंत उभी राहिली. तुम्हाला आत्याबाईंशी पडवीत बोलताना मी ऐकलं, "सुनंचं डोळं परत लाल झाल्यात. धूर तर न्हाई आता."

"तिलाच इचारा की," आत्याबाई म्हणाल्या. त्यांनाही ठाऊक होतं की तुम्ही विचारणार नाही.

तुम्ही पडवीत बसून राहिलात, आणि सकाळी दोन गडी आणि कोयते घेऊन उभ्या उसात शिरलात. खिडकीपासून थेट गाडीवाटेपर्यंत बैलगाडी जाईल एवढा पट्टा तोडून काढलात. ऊस अजून कोवळा, गुऱ्हाळाच्या कामाचा नाही, सगळा बैलांपुढे गेला. तुमचे धाकटे भाऊ धावत आले. "आरं दादा, उबा ऊस कुनी तोडतंय व्हय? लोकं शेण घालतील तोंडात."

"सैपाकघरात वारा येत न्हाई," तुम्ही म्हणालात.

गावाने ते धरून ठेवलं. वर्षभर वारा राखला आणि शेवटी वाऱ्यातच चुकला म्हणून तुम्हाला किती हसले लोक. तुम्ही कुणालाही उलट बोलला नाहीत. पुढे दरवर्षी ऊस लावताना तेवढा पट्टा मोकळा सोडलात. मीसुद्धा, खरं सांगते, मुलांना गोष्ट सांगताना हसूनच सांगायची: तुमच्या आज्यांचं सगळं बरोबर आलं, वाऱ्याचं तेवढं चुकलं.

त्या पट्ट्यातून मला पोस्टमन दिसायचा. भाकरी थापता थापता मान वर केली की दिसायचा, आणि तो आपल्या बांधाला वळला की माझा हात थांबायचा. लढाई संपल्यावर एका सकाळी पोस्टमनच्या जागी दुसरंच कुणीतरी आलं. डोक्यावर ट्रंक, खांद्याला वळकटी, चाल ओळखीची. सगळ्या घराच्या आधी मी पाहिलं त्यांना. तव्यावरची भाकरी कोळसा झाली. आत्याबाई ओरडत आल्या, काय जळतंय गं, आणि मला हसताना बघून तिथेच थबकल्या.

काल पाहुणे गेल्यावर नात माझ्यापाशी स्वयंपाकघरात बसली. ऊस ह्या वर्षीही उभा आहे आणि पट्टा मोकळा आहे, तुमच्या नातवानेही तो मोडला नाही. तिने कागदावर घर काढलं, वाऱ्याचे बाण काढले, आणि म्हणाली, "आजी, एक कळत नाही. वारा मागून येतो, वरून जातो. ह्या खिडकीतून तो कधीच येत नव्हता, समोर ऊस असो की नसो. ज्याने बाकीचं सगळं इतकं अचूक केलं, त्या माणसाला हे माहीत नसेल?"

मी उठून चुलीपाशी गेले. आता गॅस आहे, तरी मी अजून चूलच म्हणते. खिडकीतून बाहेर बघितलं. पट्टा सरळ गाडीवाटेला जातो, इकडे नाही की तिकडे नाही. आंधळ्यालाही कळावं की तो कशासाठी पाडला आहे, आणि मला कळायला अख्खं आयुष्य गेलं, मामंजी. गावात येडे ठरलात, उभा ऊस घालवलात, पण सून रडते हे कुणाला कळू दिलं नाहीत. मलाही कळू दिलं नाहीत की तुम्हाला कळलंय.

हे पत्र कुठे धाडणार? नातीला वाचायला द्यावं तर ती त्याचा फोटो काढून चार जणांना पाठवेल. ते काही नको. एवढंच लिहायचं होतं की तेव्हा माझे डोळे धुराने लाल नव्हते. ह्यांचं पत्र येत नव्हतं आणि वाट दिसत नव्हती. तुम्हाला ते माहीत होतं. तरी माझ्या तोंडून तुम्ही एकदा ऐकायला हवं होतंत.